डेन्मार्कमधलं प्रौढ शिक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची सातारा जिल्ह्यातली. गेली अकरा वर्षं डेन्मार्कमध्ये, ऑरहूस शहरात राहते. साधारण ६० लाख वस्तीचा हा देश, म्हणजे माणसांच्या संख्येनं आपल्या एकट्या पुणे जिल्ह्यापेक्षाही लहान. इथल्या प्रौढ शिक्षणाबद्दल बोलायला लागले की गावाकडचे शिक्षक, संस्थांमधले कार्यकर्ते आणि इकडे यायच्या बेतात असलेली मुलं-मुली जवळजवळ तेच प्रश्न विचारतात. फोनवर तुकड्या-तुकड्यांनी सांगून माझंच समाधान होत नाही, म्हणून उत्तरं एकत्र लिहिली आहेत.

ज्या देशात सगळेच शिकलेले, तिथे प्रौढ शिक्षण हवंच कशाला?

हा पहिला प्रश्न, आणि तो मलाही पडला होता. माझ्या मनातलं प्रौढ शिक्षण म्हणजे आमच्या घराची पडवी. साक्षरता अभियानाच्या दिवसांत आई तिथे रात्री वर्ग घ्यायची. जेवणं उरकून, भांडी घासून बायका यायच्या. शेजारच्या काकू पाटी पदराखाली झाकून आणायच्या, कारण थोरला मुलगा पारावर बसलेला असायचा आणि त्याच्या मित्रांनी पाहू नये असं त्यांना वाटायचं. पुढे त्या सही करायला शिकल्या, बँकेत अंगठा देणं थांबलं. पाटी मात्र शेवटपर्यंत पदराखालूनच आली.

डेन्मार्कमध्ये १८१४ च्या कायद्यानं मुलांना सात वर्षांचं शिक्षण सक्तीचं झालं. त्यामुळे त्या शतकाच्या मध्यावर इथल्या शेतकऱ्याच्या पोराला अक्षरओळख होती. चारचौघांत उभं राहून बोलायची हिंमत मात्र नव्हती. देशाचा कारभार कसा चालतो ते माहीत नव्हतं, आणि शिकलेल्या माणसांपुढे गेलं की आपण कोणीच नाही असं वाटायचं. इथलं प्रौढ शिक्षण या जागी सुरू झालं. म्हणूनच वर्गाला जाणाऱ्या माणसात काही उणीव आहे असं इथे कोणी धरत नाही. निवृत्त डॉक्टर जातात, बस चालवणारी बाई जाते, नुकती बारावी झालेली पोरं जातात. पाटी झाकावी लागत नाही. मला या विषयाची ओढ लागली ती यामुळे.

'हॉयस्कोल' म्हणजे आपलं हायस्कूल का?

नाही, आणि या नावामुळे फार घोटाळे होतात. पूर्ण शब्द 'फोल्केहॉयस्कोल'. 'फोल्के' म्हणजे लोकांचं, 'हॉयस्कोल' म्हणजे उच्च शाळा. मराठीत लोकशाळा म्हणता येईल. मी इथे हॉयस्कोलच म्हणते.

ही मोठ्या माणसांची निवासी शाळा. किमान वय साडेसतरा वर्षं, वरची मर्यादा नाही. प्रवेशपरीक्षा नाही, शेवटी परीक्षा नाही, गुण नाहीत, पदवीही नाही. काही अभ्यासक्रम एका आठवड्याचे असतात, तर लांबचे बहुतेक चार ते सहा महिन्यांचे. देशभरात अशा सत्तरहून अधिक शाळा आहेत आणि प्रत्येकीचं स्वतंत्र मंडळ आहे. सरकार अनुदान देतं, पण अमुक धडा शिकवा असं सांगत नाही. जीवनाची समज वाढवणं, लोकांचं प्रबोधन आणि लोकशाहीचे संस्कार हे तीन उद्देश कायद्यात लिहिलेले आहेत. संगीत शिकवा, सुतारकाम शिकवा, तत्त्वज्ञान शिकवा. हे तीन विसरू नका, इतकंच.

(चौदा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी 'एफ्टरस्कोल' नावाच्या वेगळ्या निवासी शाळा आहेत. त्या याच मुळातून फुटल्या, पण तिथे नेहमीचा शालेय अभ्यास आणि परीक्षाही असतात.)

हे सुरू कोणी केलं?

कल्पना एन. एफ. एस. ग्रुंटविग यांची. जन्म १७८३, मृत्यू १८७२. धर्मगुरू, कवी, इतिहासकार, पुढे लोकप्रतिनिधी. त्या काळच्या लॅटिन शाळांवर त्यांचा राग होता. पोरांकडून मेलेल्या भाषेचं व्याकरण घोकून घ्यायचं आणि त्याच जोरावर त्यांना पाद्री किंवा अधिकारी करायचं, अशा शाळेला ते मरणाची शाळा म्हणत. त्यांना हवी होती 'जगण्याची शाळा'. तिथे मातृभाषेत बोलायचं, इतिहास गोष्टीसारखा सांगायचा, गाणी म्हणायची आणि शिक्षकानं शिष्याकडूनही शिकायचं.

१८२९ ते १८३१ या काळात ते उन्हाळ्यात इंग्लंडला जात होते. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात शिक्षक-विद्यार्थी एका छपराखाली राहतात, एकत्र जेवतात, बोलत बसतात, हे पाहून त्यांना वाटलं की हे सुख शेतकऱ्याच्या मुलाला का नको? त्याच दशकात डेन्मार्कमध्ये राजाला सल्ला देणाऱ्या सभा सुरू झाल्या, आणि त्यांत जमीनदारांच्या शेजारी साधे शेतकरी बसू लागले. बसले, पण बोलणार काय? ग्रुंटविग यांची तळमळ इथली होती. १८४९ मध्ये राज्यघटना आली आणि राजाची अनियंत्रित सत्ता संपली. तोवर लोक तयार झालेले असावेत असं त्यांना वाटत होतं.

सोरो गावी राजाच्या आश्रयानं मोठी शाळा काढावी हे त्यांचं स्वप्न. राजा आठवा क्रिश्चन अनुकूलही होता, पण १८४८ मध्ये तो वारला आणि बेत बारगळला. मला वाटतं, बरंच झालं. सरकारी थाटाची एकच शाळा झाली असती आणि तिच्यावर राजधानीचा वचक राहिला असता. त्याऐवजी लोकांनी वर्गण्या काढून ठिकठिकाणी लहान शाळा उभ्या केल्या. पहिली तर राजा हयात असतानाच, १८४४ मध्ये, जटलंड या डेन्मार्कच्या द्वीपकल्पाच्या दक्षिणेला रॉडिंग गावी सुरू झाली होती. तो भाग डॅनिश आणि जर्मन भाषांच्या ओढाताणीचा होता. १८६४ मध्ये प्रशिया या जर्मन राज्याकडून आणि ऑस्ट्रियाकडून डेन्मार्कचा दारुण पराभव झाला आणि रॉडिंग सीमेपलीकडे गेलं. तेव्हा तिथल्या शिक्षकांनी १८६५ मध्ये सीमेच्या अलीकडे आस्कोवला नवी शाळा मांडली. मुलूख गेला, माणसं तरी घडवू, ही त्या पिढीची जिद्द होती.

'जिवंत शब्द' म्हणजे काय?

हा ग्रुंटविग यांचा आवडता शब्द. पुस्तकातला शब्द निजलेला असतो, माणसाच्या तोंडून आला की जागा होतो, असं काहीसं त्यांचं म्हणणं. इथल्या मित्रमंडळींना ते समजावून सांगावं लागतं, आपल्याला नाही. ज्यानं गावात रात्रीचं कीर्तन ऐकलंय त्याला ते आपोआप कळतं. गाडगे महाराज कीर्तनात समोरच्या माणसालाच प्रश्न विचारत, त्याच्याच तोंडून उत्तर काढत, आणि त्या उत्तराला धरून कर्जाबद्दल, दारूबद्दल, शिवाशिवीबद्दल बोलत. अनौपचारिक शिक्षण म्हणजे काय, असं मला कोणी विचारलं तर व्याख्येच्या आधी मी हे उदाहरण देते.

परीक्षाच नाही, मग माणूस शिकला हे कळणार कसं?

शिक्षक मंडळी हा प्रश्न हमखास विचारतात, आणि त्यात चूक काहीच नाही. याचं सगळ्यात चांगलं उत्तर मला क्रिस्टेन कोल्ड यांच्या एका गोष्टीत सापडलं. कोल्ड हे चांभाराचे मुलगे, १८१६ चा जन्म. ग्रुंटविग यांची कल्पना शेतकऱ्यांच्या अंगणात खऱ्या अर्थानं रुजवली ती यांनी. १८५१ मध्ये फ्यून बेटावरच्या रुस्लिंगे गावी त्यांनी लहानशी शाळा काढली. मुलं माळ्यावर झोपायची आणि कोल्ड स्वतःही त्यांच्यातच झोपायचे. गप्पा रात्रीही चालू राहायच्या.

एक शेतकऱ्याचा मुलगा त्यांना म्हणाला, तुमचं बोलणं ऐकायला फार आवडतं, पण नंतर लक्षात राहत नाही, मी काय करू? कोल्ड म्हणाले, अरे, शेतात पाण्याचा निचरा व्हावा म्हणून जमिनीखाली नळ पुरतात, तेव्हा ते कुठे पुरले हे कळायला खुंट्या ठोकाव्या लागतात. दाणा पेरला तर खुंटी कशाला? तो उगवतोच.

मी ही गोष्ट फोनवर आईला सांगितली. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "आम्हाला मात्र महिन्याच्या महिन्याला खुंट्या मोजून वर पाठवाव्या लागायच्या." किती साक्षर झाले, किती निमसाक्षर राहिले, सगळं तक्त्यात भरायचं. वर्गात कोणाच्या तोंडाला वाचा फुटली याचा रकाना त्या तक्त्यात नव्हता.

एक मात्र सांगते. परीक्षा नसणं हे प्रत्येक ठिकाणी चालत नाही. वेल्डिंग शिकलेल्याला ते येतं की नाही हे तपासलंच पाहिजे, आणि इथे तपासतातही. हॉयस्कोल हा या व्यवस्थेचा एक भाग आहे, सगळी व्यवस्था नाही.

शेतकऱ्यांना याचा प्रत्यक्ष फायदा काय झाला?

१८७० नंतर अमेरिका आणि रशियाचं स्वस्त धान्य युरोपात येऊ लागलं आणि डॅनिश शेतकऱ्याचं धान्य मातीमोल झालं. इथले शेतकरी लोणी आणि डुकराच्या मांसाकडे वळले. १८८२ मध्ये पश्चिम जटलंडमधल्या येडिंग गावात पहिली सहकारी दूध डेअरी उभी राहिली आणि पुढच्या काही वर्षांत अशा शेकडो झाल्या. तिथला नियम असा की मत माणशी एक. दोन गाईंवाल्यालाही एक आणि चाळीसवाल्यालाही एकच. डॅनिशमध्ये माणसाचं डोकं आणि जनावर यांचे शब्द जवळजवळ सारखे ऐकू येतात. त्यावरून 'मतं डोक्यांची मोजा, जनावरांची नको' अशी म्हणच पडली. आपल्याकडे प्रवरेला सहकारी साखर कारखाना निघाला त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

हॉयस्कोलमध्ये डेअरी चालवायला शिकवत नव्हते, त्यामुळे सगळं श्रेय त्यांना देणं बरोबर नाही. इतिहासकारांचेही यात मतभेद आहेत. पण मुलगे हिवाळ्यात पाच महिने आणि मुली उन्हाळ्यात तीन महिने एका छपराखाली राहून आलेल्या असत. सभा कशी चालवायची, न भांडता विरोध कसा करायचा हे अंगवळणी पडलेलं असे. हिशेबाची वही शेजाऱ्याच्या हाती विश्वासानं द्यायला एवढी ओळख लागते, असं मला वाटतं.

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं. आस्कोवच्या शाळेत पॉल ला कूर नावाचे भौतिकशास्त्राचे शिक्षक होते. १८९१ मध्ये त्यांनी शाळेच्या आवारात वीज तयार करणारी पवनचक्की उभी केली. वारा पडला की वीज जाते, मग साठवायची कशी? त्यांनी त्या विजेनं पाण्यातून हायड्रोजन काढला आणि कित्येक वर्षं शाळेतले दिवे त्या वायूवर जळत होते. खेड्यातल्या मुलांसाठी त्यांनी वीजकामाचे वर्गही काढले. १९०४ मध्ये त्या वर्गाला योहानेस यूल नावाचा मुलगा होता. याच यूल यांनी १९५७ मध्ये गेडसर इथे २०० किलोवॅटची पवनचक्की उभी केली, आणि आजच्या डॅनिश पवनचक्क्यांची घडण तिच्यावर बेतलेली आहे. खेड्यातल्या बिनपरीक्षेच्या शाळेत हे झालं.

आज तिथला दिवस कसा जातो?

मी स्वतः एका हॉयस्कोलमध्ये उन्हाळ्याचा एक आठवडा राहिले. सकाळी नाश्ता, मग सगळे एका दालनात जमून गाणं. याला 'सकाळचं गाणं' म्हणतात आणि ते चुकवत नाहीत. या शाळांचं गीतपुस्तक १८९४ मध्ये पहिल्यांदा निघालं, २०२० मध्ये त्याची एकोणिसावी आवृत्ती आली. त्याच वर्षी लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनवरून रोज सकाळी गाणं सुरू झालं आणि देशभर लोक आपापल्या स्वयंपाकघरात उभे राहून गात होते.

गाण्यानंतर कोणीतरी बोलतं. मग ज्यानं जो विषय घेतला असेल त्याचा वर्ग. माझा मातीकामाचा होता. पण मला आठवतं ते संध्याकाळचं भांड्यांचं काम. पाळीपाळीनं सगळ्यांना करावं लागतं. माझ्या पाळीला एक निवृत्त ट्रामचालक भांडी घासत होते, मी फडक्यानं पुसत होते आणि शाळेच्या मुख्याध्यापिका मोठी पातेली उचलून फडताळात ठेवत होत्या. ताटं पुसता पुसता त्या गृहस्थांनी मला विचारलं, तुमच्याकडे जेवण झाल्यावर भांडी कोण घासतं? मी खरं ते सांगितलं. बाया, आणि बऱ्याच घरांत दुसऱ्याच्या घरून आलेली बाई. पुढचा अर्धा तास आम्ही तिघं त्यावर बोललो. जात, मजुरी, बाईचं काम, त्यांच्या आजीच्या घरातली मोलकरीण. वर्गात यातलं काहीच निघालं नसतं.

खर्च कोण करतं?

सरकार शाळेला अनुदान देतं आणि उरलेला भाग विद्यार्थी आठवड्याच्या फीमधून भरतो. राहणं, जेवण, शिकणं सगळं त्यात आलं. विद्यापीठात शिकणाऱ्या डॅनिश मुलांना सरकारी विद्यावेतन मिळतं, हॉयस्कोलसाठी मिळत नाही. त्यामुळे मुलं आधी वर्षभर दुकानात, हॉटेलात काम करून पैसे साठवतात.

नोकरी-संसार सांभाळून कोण महिनोन्महिने राहायला जाणार?

बहुतेक लोक जात नाहीतच. त्यांच्यासाठी संध्याकाळच्या शाळा आहेत, आणि आपल्याकडच्यांना यांची माहिती कमी असते म्हणून मी मुद्दाम सांगते. वर्ग संस्था घेतात. कामगार चळवळीतून १९२४ मध्ये निघालेली एओएफ ही त्यांतली जुनी. नगरपालिका शिक्षकाच्या पगाराचा काही भाग देते, तो जास्तीत जास्त एक तृतीयांश. बाकी शिकणाऱ्यांच्या फीमधून येतं. आणि सगळ्यांत मोलाची गोष्ट अशी की पालिकेला जागा द्यावी लागते. दुपारी मुलांची शाळा सुटते आणि संध्याकाळी त्याच वर्गात मोठी माणसं येतात.

मी दोन हिवाळे शिवणाच्या वर्गाला गेले. चौथीच्या मुलांचा वर्ग. भिंतीवर त्यांची चित्रं आणि आम्ही नऊ जणी त्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या. मध्ये थर्मासमधली कॉफी आणि पाळीपाळीनं घरून आणलेला केक. बाहेर चार वाजताच अंधार पडलेला असायचा, त्यामुळे टेबलावर मेणबत्ती हवीच. माझ्या पाळीला मी शंकरपाळे नेले, तर त्यांची कृती समजावण्यात शिवण राहिलं बाजूला. ज्या देशात शेजारी दोन-दोन वर्षं बोलत नाहीत अशी आपली तक्रार असते, तिथे मला मैत्रिणी या वर्गात मिळाल्या. इकडे नव्यानं येणाऱ्या प्रत्येक मराठी बाईला मी एकच सांगते : पहिल्याच हिवाळ्यात एखादा वर्ग लावा.

ज्यांना खरोखरच वाचता-लिहिता येत नाही, त्यांचं काय?

अशी माणसं इथेही आहेत. शाळा पूर्ण केलेली, पण पत्र आलं की चष्मा विसरल्याचं निमित्त करणारी. त्यांच्यासाठी वाचन, लेखन आणि गणित यांचे मोफत वर्ग असतात. त्या व्यवस्थेला एफव्हीयू म्हणतात. अक्षरांची उलटापालट होणाऱ्या, म्हणजे डिस्लेक्सिया असलेल्या प्रौढांसाठी वेगळं मोफत शिक्षण आहे. बऱ्याचदा हे वर्ग कारखान्यातच, कामाच्या वेळात घेतात. राहिलेली नववी-दहावी किंवा पुढचे एकेक विषय मोठेपणी पूर्ण करायला व्हीयूसी नावाची केंद्रं आहेत.

कामगारांच्या कौशल्यांची दखल घेतात का?

घेतात. एएमयू नावाचे कामासंबंधीचे छोटे अभ्यासक्रम १९६० पासून चालू आहेत : फोर्कलिफ्ट चालवणं, वेल्डिंग, अन्नाची स्वच्छता, वृद्धांची शुश्रूषा. शिवाय एखाद्यानं वीस वर्षं गवंडीकाम केलंय पण हाती कागद नाही, तर त्याला काय येतं हे तपासून तेवढी सूट देतात. आपल्याकडच्या कितीतरी मिस्त्रींच्या हातातली विद्या अशी कागदावर यायला हवी.

डॅनिश भाषा कशी शिकायची?

परदेशातून आलेल्या प्रौढांसाठी डॅनिशचे तीन वेगवेगळे मार्ग आहेत. कमी शाळा झालेल्यांसाठी पहिला, मधला दुसरा, उच्चशिक्षितांसाठी तिसरा. प्रत्येकाचे टप्पे आणि शेवटी परीक्षा. सध्या कायमच्या वास्तव्यासाठी साधारणपणे दुसऱ्या आणि नागरिकत्वासाठी तिसऱ्या मार्गाची परीक्षा लागते. शिक्षणाला ठरावीक मुदत असते, म्हणून आल्या आल्या नाव नोंदवा. मी 'जरा स्थिरस्थावर होऊ दे' म्हणत आठ महिने घालवले.

आणखी एक. मला एका भाषाशाळेनं पहिल्या दिवशी घाईत चुकीच्या मार्गात बसवलं. माझी पदवी मराठी माध्यमातली आहे हे पाहून त्यांनी काहीतरी भलताच अंदाज बांधला. मी भिडेपोटी सहा आठवडे बोलले नाही आणि ते आठवडे वाया गेले. वर्ग सोपा वाटला तर त्याच दिवशी शिक्षकांशी बोला. इथे त्याला उद्धटपणा समजत नाहीत.

सरकार आणि या शाळा यांचं कधी बिनसलं का?

मोठ्या प्रमाणावर एकदा. १९७० मध्ये जटलंडमध्ये ट्विंड नावाच्या शाळा-समूहाची सुरुवात झाली. तिथल्या शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी आणि स्वयंसेवकांनी मिळून उभारलेली प्रचंड पवनचक्की १९७८ पासून फिरते आहे. पुढे या समूहावर पैशांच्या वापराबद्दल गंभीर आरोप झाले आणि १९९६ मध्ये संसदेनं थेट कायदा करून त्यांच्या शाळांचं अनुदान बंद केलं. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा घटनाबाह्य ठरवला. कोण दोषी हे न्यायालय ठरवेल, संसदेनं कायदा करून निवाडा द्यायचा नाही, असा त्याचा अर्थ. आरोप खरे असोत वा नसोत, तो निकाल मला महत्त्वाचा वाटतो.

यात दोष नाहीतच का?

आहेत, आणि ते बोलायला हवेत. ज्या शेतकऱ्याच्या पोरासाठी हॉयस्कोल निघाली, त्याची आजची जागा शहरातल्या सुस्थितीतल्या घरच्या मुलांनी घेतली आहे. बारावीनंतर आणि विद्यापीठाआधी एक मजेचं सत्र, असं तिचं रूप बऱ्याच ठिकाणी झालंय. ज्यांचं शिक्षण कमी, ते कमी येतात. माझ्या आठवड्यात पन्नासेक माणसांत परदेशातून आलेली मी धरून तिघं होतो. ग्रुंटविग यांच्या देशप्रेमाच्या ओळी उचलून 'हे आमचं, तुम्ही बाहेरचे' असं म्हणणारेही इथे आहेत. ते ऐकलं की वाईट वाटतं, कारण दार उघडं ठेवणं हाच या शाळेचा प्राण होता.

भारतातून थेट हॉयस्कोलला येता येतं का?

येता येतं. बहुतेक शाळांत डॅनिशमध्ये शिकवतात, पण हेल्सिंगरला १९२१ मध्ये पीटर मानिके यांनी काढलेली आंतरराष्ट्रीय लोकशाळा आहे. तिथे इंग्रजीतून शिकवतात आणि जगभरातून मुलं येतात. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. निरनिराळ्या देशांच्या तरुणांनी एकत्र राहावं, हा तिचा हेतू. राहण्याच्या परवान्याचे नियम बदलत असतात, ते डॅनिश इमिग्रेशन सेवेच्या संकेतस्थळावरच पाहा. आणि घरी स्पष्ट सांगून या की पदवी मिळणार नाही, यातून नोकरी लागणार नाही. कर्ज काढून येऊ नका. एजंट काहीही सांगो.

डेन्मार्कबाहेर याचा परिणाम झाला का? आपल्याकडे?

अमेरिकेतल्या माइल्स हॉर्टन यांनी डेन्मार्कमधल्या या शाळा पाहिल्या आणि १९३२ मध्ये टेनेसी राज्यात हायलँडर फोक स्कूल सुरू केली. १९५५ च्या उन्हाळ्यात कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या रोझा पार्क्स तिथल्या शिबिराला गेल्या होत्या. त्याच डिसेंबरात माँटगोमेरी शहरात गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला त्यांनी नकार दिला. भारतात म्हैसूरच्या प्रौढ शिक्षण परिषदेनं डॅनिश नमुन्यावर ग्रामीण तरुणांसाठी निवासी विद्यापीठं काढली.

महाराष्ट्राचा रस्ता वेगळा होता. १९५९ मध्ये आमच्याच सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावातल्या शिक्षकांनी आणि शिकलेल्या पोरांनी गावालाच शिकवायचं, असं तिचं स्वरूप होतं. पुढे ती राज्यभर नेली गेली. आणि कर्मवीर भाऊरावांची रयत शिक्षण संस्था, तिचं वसतिगृह, 'कमवा आणि शिका'! ती मुलांसाठी होती, हा फरक. पण सगळ्या जातींच्या मुलांनी एका पंगतीत जेवायचं, एकमेकांबरोबर राबायचं, यातलं शिक्षण ग्रुंटविग यांना लगेच कळलं असतं.

आमच्या गावात असं काही करायचं तर सुरुवात कुठून?

मी तज्ज्ञ नाही, केलंय तेवढं सांगते. मागच्या खेपेला सुट्टीवर आले तेव्हा आईनं आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेची एक खोली मंगळवारच्या संध्याकाळसाठी मागितली. किल्लीवरून दोन आठवडे गेले. खोलीची जबाबदारी कोणाची हा प्रश्न होता, शेवटी शाळेच्या शिपाईमामांनीच ती घेतली. विषय आम्ही ठरवला नाही. पहिल्या दिवशी आठ बायका आल्या आणि तुम्हाला काय शिकायचंय एवढंच आईनं विचारलं. एकीला विजेचं बिल वाचायचं होतं. दोघींना सातबारा. एकीला ग्रामसभेत उभं राहून बोलायचं होतं, पण पाय लटपटतात म्हणाली. शेजारच्या काकू, आता सत्तरीच्या, म्हणाल्या, मला काही शिकायचं नाही, मला जात्यावरच्या ओव्या येतात, त्या कोणी लिहून घेता का?

त्या दिवशी बिल राहिलं. काकू म्हणत होत्या आणि बाकीच्या वहीत उतरवत होत्या. र्‍हस्व-दीर्घावरून दोघींचा वाद झाला, तो काकूंनीच सोडवला, मोठ्यानं म्हणून दाखवून. आता वर्ग दर मंगळवारी भरतो. सातबारा झाला, बिल झालं, ग्रामसभेत बोलायचा सराव चालू आहे. ओव्यांची दुसरी वही आईनं परवाच आणली.